किल्ली तळाशी

सकाळपासून अंबूताईंचा पाय एका जागी ठरेना. देवघरातून ओसरीवर, ओसरीवरून परसात, आणि परसातून पुन्हा लेकीच्या खोलीच्या दाराशी. आत दीपश्री बॅग भरत होती. हुबळीच्या एका मोठ्या गोदामात ती सुपरवायझर. कुठला माल कुठल्या गाडीत, कधी आणि कसा चढायचा, हे सारं तिच्या हाती. आता कंपनीने तिला नेदरलँड्समधल्या गोदामावर नेमलं होतं. दुपारी हुबळीहून विमान होतं.

"दोन वर्षांचा करार आहे, आई. मग बघू," असं ती म्हणाली होती. ते 'मग बघू' अंबूताईंना कुसळासारखं टोचत होतं.

बॅग भरण्याची रीत मात्र थेट तिच्या वडिलांची, अप्पांची. हुबळीच्या कमरीपेठेत अप्पांचं लॉरी ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. शाळा सुटली की ही पोर तिथे पोत्यांवर बसून हमालांवर ओरडायची. अप्पांचा मंत्र एकच: शेवटी उतरायचं ते आधी चढवा. एकदा नव्या हमालांनी बेळगावचा माल आत ढकलला आणि कोल्हापूरचा दाराशी लावला. बेळगावात भर रस्त्यावर सगळी लॉरी उपसावी लागली. पुढे कितीतरी दिवस अप्पांच्या जेवणात आमटीपेक्षा तोच विषय जास्त असे.

म्हणूनच बॅगेत काय कुठे चाललंय, ते अंबूताईंना वाचता येत होतं. स्वेटर सगळ्यात वर, म्हणजे उतरताच थंडी. त्याखाली मेतकूट आणि शेंगाचटणी, म्हणजे पोर गेल्या गेल्या भात टाकणार. पण सगळ्यांच्या आधी, पार तळाशी, दीपश्रीने एका मोज्यात घालून या घराची किल्ली ठेवली होती.

ती शेजारच्या सरस्वतीअक्कांचा निरोप घ्यायला गेली, आणि अंबूताईंनी फतकल मारून बॅग उपसायला घेतली.

"अगं आई! हे काय मांडलंयस? वजन करून बसवलं होतं सगळं!" दीपश्री परतली ती दारातूनच ओरडली.

"किल्ली तळाशी का?"

"काय?"

"ट्रान्सपोर्टवाल्याची बायको आहे मी. जे लवकर लागणार नाही ते तळाशी जातं. मला नको शिकवूस."

दीपश्रीला हसू आलं. मग ती खाली, आईसमोर बसली. "आणि लॉरीची जादाची ताडपत्री? ती कुठे ठेवायचे अप्पा?"

अंबूताईंना ते पाठ होतं. ताडपत्री अगदी आत, केबिनच्या भिंतीला लागून जायची. ती कुठल्याच गावाला उतरायची नसे. लॉरीबरोबर फिरून हुबळीलाच परत यायची.

"वकील व्हायचं सोडून गोदामात गेलीस," त्या पुटपुटल्या. "म्हणजे दोन वर्षांनी येणार?"

दीपश्रीने स्वेटरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "ते नाही गं सांगता येत. काम आवडलं तर राहीनही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण किल्ली तिथे उतरवणार नाही, एवढं नक्की."

बाहेर यल्लाप्पाच्या रिक्षाचा भोंगा वाजला. "अक्का, लगू बर्री, लवकर चला! आमचं विमान नाही, रिक्षा आहे!"

"आला मेला," अंबूताई म्हणाल्या. किल्लीचा मोजा त्यांच्या मुठीतच होता. क्षणभर वाटलं, पदराच्या गाठीत बांधून टाकावा. किल्लीवाचूनही जाईल तशी येईल. पण लेक हात पुढे करून थांबली होती, अप्पा हमालांपुढे थांबत तशी.

"घे," त्या म्हणाल्या. "आधी हे."

मग एकेक वस्तू त्या देत गेल्या आणि दीपश्री बसवत गेली. स्वेटर शेवटी.

रिक्षा मळमड्डीच्या वळणाआड गेली. अंबूताई घरात आल्या, दार ओढून घेतलं, आतून कडी घालायला हात वर नेला. आतून कडी घातली तर बाहेरून किल्लीचा काय उपयोग? त्यांनी हात खाली घेतला, आणि पुन्हा परसात गेल्या.