पहिल्या गाडीची चाकोरी

हवा : अठ्ठावीस

डांबरी रस्ता संपायच्या आत सगळ्यांना सांगून टाकायचं, असं स्टेनवोरने घरून निघतानाच ठरवलं होतं.

पेट्रोल पंपावर सांगता आलं असतं. चारही गाड्या तिथे लागल्या होत्या. जो तो सुका मासा लोण्यात बुडवून उभ्या उभ्या खात होता. दुसरी गाडी ग्रोआची. तिची म्हातारी आई दरवर्षीप्रमाणे मागच्या सीटवर घोंगडी पांघरून बसली होती.

"ब्रांदूर, यंदा जरा हळू," ग्रोआ म्हणाली. "आम्हाला पण निसर्ग बघू दे."

"काय बघायचंय त्यात? पांढरा आहे," स्टेनवोरचा नवरा म्हणाला.

सगळे हसले. तीच सांगायची वेळ होती. स्टेनवोरने थर्मासचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.


हवा : बारा

डांबर संपलं की सगळे उतरतात आणि चाकांतली हवा सोडतात. हवा कमी झाली की टायर पसरतो, आणि पसरला की गाडी बर्फात रुतत नाही, वरून जाते. बाकीचे मीटर लावून बघतात. ब्रांदूर चाकाशी उकिडवा बसतो, कान लावतो, फुस्स ऐकत राहतो आणि म्हणतो, "बारा."

ग्रोआने मीटर लावला. बारा.

"म्हाताऱ्याच्या कानात यंत्र आहे," ती म्हणाली.

कानात आहे. डोळ्यांत नाही. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या डॉक्टरने सांगितलं होतं की नजरेचा मधला भाग जाईल, कडा राहतील. "म्हणजे रस्ता जाणार आणि खड्डे दिसणार," असं म्हणून ब्रांदूर बाहेर आला होता आणि दोन वाडगे मासळीचं सूप प्यायला होता. गावात तेव्हापासून गाडी स्टेनवोर चालवते. शेजाऱ्यांना सांगितलंय, ब्रांदूरचा गुडघा धरतो.

पण बर्फावर पहिली गाडी त्याची. तीस वर्षं त्याचीच. मार्च लागला की बर्फावर गाड्या नेणाऱ्यांच्या क्लबातले लोक हिमनदीच्या कडेवरच्या झोपडीत गॅसच्या टाक्या पोचवायला निघतात. पुढे ब्रांदूर, त्याच्या चाकोरीत बाकी तिघं. झोपडीत कॉफीचा पहिला पेला पहिल्या गाडीचा.

एवढी एकच खेप, असं तो म्हणाला होता. ही तिसरी एकच.


हवा : सहा

डावीकडे स्टेअरिंगवर तो, उजवीकडे शेजारी ती. तिचा डावा हात त्याच्या उजव्या गुडघ्यावर. एक बोट, डावीकडे. दोन बोटं, उजवीकडे. सगळा पंजा, थांब. शब्दांना उशीर होतो, हे पहिल्याच खेपेला कळलं होतं.

मग धुकं उतरलं आणि वर खाली पांढरंच पांढरं झालं. जमीन नाही. आभाळ नाही. बॉनेट आहे की नाही, तेही विचारून घ्यावं असं.

ब्रांदूर शीळ घालायला लागला.

"आता कसं," तो म्हणाला. "आता सगळे माझ्यासारखे."

जीपीएसच्या पडद्यावर जुन्या वाटेची रेघ, रेघेवर त्यांचा ठिपका. ती ठिपका बघायची आणि बोटं दाबायची. वेग माणसाच्या चालीचा. असल्या हवेत कुणीच डोळ्यांनी गाडी चालवत नाही. तिचे खांदे सकाळपासून पहिल्यांदा खाली आले.

सांगायचं वाक्य तिने पुन्हा मनात जुळवलं. मंडळी, एक गोष्ट. नको. मंडळी, ब्रांदूरला जरा. जरा काय? धुकं आहे तोवर काय घाई आहे.

धुकं असंच राहू दे, झोपडीपर्यंत राहू दे, असं ती म्हणत होती.


हवा : तीन

धुकं फाटलं. एकदम, कुणी चादर ओढावी तसं.

वायरलेसवर तीन आवाज एकदम बोलले. ग्रोआची आई मागून म्हणत होती, बघ, बघ तरी. ऊन पडलं होतं. समोर सपाट मैदान, त्यापलीकडे हिमनदीचा चढ, आणि चढावर बर्फातल्या खोल भेगांचा पट्टा. पट्ट्यातून जाताना पहिल्या गाडीने डोळ्यांनी वाट काढायची असते. तो आणखी चाळीस मिनिटांवर.

त्याआधी मैदान. मैदानाखाली नदी आहे. मार्चमध्ये बर्फ वरून कोरडा असतो आणि खालून पाण्याने भिजून लगदा झालेला असतो. रेघ पाळून उपयोग नाही, लगदा दरवर्षी जागा बदलतो. तो फक्त रंगावरून ओळखू येतो.

"रंग कसा?" ब्रांदूरने विचारलं. शीळ बंद झाली होती.

"पांढरा."

"पांढरे शंभर असतात, बाई."

"धुतलेल्या लोकरीसारखा."

"चल. आता?"

"सोललेल्या अंड्यासारखा."

"चल."

तिला दिसत होतं, कळत नव्हतं. त्याला कळत होतं, दिसत नव्हतं. दोघांचं मिळून एक माणूस झालं असतं, पण त्या माणसाला विचार करायला नेहमीपेक्षा अर्धा श्वास जास्त लागत होता.

"आता?"

"आता जरा... दह्यावर कशी निवळी सुटते..."

पंजा आणि ब्रेक एकाच वेळी. दोन्ही उशिरा.

गाडीचं नाक खाली गेलं.


हवा : दोन

पाणी पायाशी आलं. काळं, बर्फाचे खडे घेऊन. थर्मास तरंगला. ब्रांदूरने गाडी मागे घ्यायचा प्रयत्न केला, चाकं नुसती फिरली. स्टेनवोर खिडकीतून टपावर चढली. मग तोही चढला आणि दोघं तिथे बसून राहिले, बस चुकलेल्या माणसांसारखे.

ग्रोआ बरीच मागे थांबली. काठीने बर्फ टोचत टोचत आली, दोर अडकवून गेली, आणि दुसऱ्या हिसक्याला गाडी वर आली. कुणाला काही झालं नव्हतं. तिसऱ्या गाडीतून टाळ्या पडल्या. ब्रांदूरला कुणी ओढून काढतंय हे बघायला लोकांनी तीस वर्षं वाट पाहिली होती.

"फोटो काढला का रे कुणी?" चौथ्या गाडीतून कुणीतरी ओरडलं.

ग्रोआ दोर गुंडाळत म्हणाली, "एक विचारू? सकाळपासून तुझ्या चाकोरीत आहे. चाकोरी वळते, पण उशिरा वळते. दगड येतो, मग वळते. मागच्या वर्षीही असंच. भांडता काय गाडीत?"

"ही फार बोलते," ब्रांदूर म्हणाला.

सगळे हसले. ग्रोआही हसली.

झालं. खोटं तयार होऊन हातात आलं होतं. फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर गाडीतलं पाणी उपसून, कॉफी पिऊन, चाळीस मिनिटांनी भेगांच्या पट्ट्यात पुढे तेच दोघं. मागे ग्रोआ. ग्रोआच्या मागच्या सीटवर घोंगडी.

ब्रांदूर बायकोकडे बघत होता. म्हणजे तिच्या कानाकडे. तिचा चेहरा दिसावा म्हणून हल्ली तो तिच्या कानाकडे बघतो.

"त्याला दिसत नाही," स्टेनवोर म्हणाली.

वाक्य एवढंच निघालं. जुळवलेलं एकही नाही.

"काय दिसत नाही?"

"मधलं काही. दोन वर्षं झाली. मी सांगते तसा चालवतो."

ग्रोआने दोर खाली ठेवला. मागे वळून स्वतःच्या गाडीकडे पाहिलं, तिथे तिची आई काच पुसून हात हलवत होती.

"दोन वर्षं," ग्रोआ म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला. "माझी आई असते गाडीत, स्टेनवोर. तुझ्या हातचे मोजे घालून."



ब्रांदूर पुढच्या चाकाशी जाऊन उकिडवा बसला. काही फुसफुसत नव्हतं, तरी तो ऐकत होता.


हवा : ग्रोआच्या मीटरवर अडीच

आता पुढे ग्रोआ. तिची आई मधल्या एका गाडीत, कारण पहिल्या गाडीत ग्रोआने कुणालाच बसू दिलं नाही. स्टेनवोर आणि ब्रांदूर सगळ्यात शेवटी. स्टेअरिंग स्टेनवोरच्या हातात, मोजे ओले, पाय गारठलेले. तयार चाकोरीतून जायचं, एवढंच काम. तरी तिची बोटं स्टेअरिंगवर एक दोन, एक दोन करत होती.

ब्रांदूर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

पुढची गाडी थांबली. तिच्यामागे सगळ्या.

वायरलेस खरखरला. "नदीचा दुसरा फाटा दिसतोय," ग्रोआचा आवाज. "निळसर आहे. कवच धरल्यासारखं वाटतंय." मग थोडं थांबून, "कुणाला काय वाटतं?"

दुसरा गप्प. तिसरा गप्प.

कुणाला, असं विचारलं होतं तिने. नाव घेतलं नव्हतं. स्टेनवोरने वायरलेसचा माइक काढला आणि त्याच्यापुढे धरला. तो दिसावा म्हणून जरा बाजूला, कानाच्या रेषेत. ब्रांदूरने मांडीखालून एक हात काढला. घेतला. बटण दाबायच्या आधी एकदा घसा साफ केला, दाबल्यावर पुन्हा केला.

"कुठला निळा?" त्याने विचारलं.

बराच वेळ नुसती खरखर. ती बोलणं तोडून टाकेल, असं स्टेनवोरला वाटलं. त्यालाही वाटलं असावं, त्याने माइक गुडघ्यावर ठेवला.

"थांब," ग्रोआ म्हणाली. "उतरून बघते."