माहेरच्या कार्डावरचं नाव

“सोड सुले, फाटेल ते.”

“फाटू दे. माझं नाव कापून आणते म्हण, मग सोडते.”

एक कड आईच्या मुठीत, दुसरी लेकीच्या, आणि मधे मी. मी महिपत पाष्ट्यांची शिधापत्रिका. भाईंदरच्या आमच्या चाळीत मला सगळे रेशनकार्डच म्हणतात. माझा उजवा कोपरा त्या दिवशी गेला. बघणारे विचारतात, उंदराने खाल्ला का? उंदराला कशाला बदनाम करू? तो माणसांनीच खाल्ला.

पण मधूनच ऐकलेल्या भांडणात माणूस भलत्याची बाजू घेतो. म्हणून पहिल्यापासून सांगते.

सहासष्ट साली एका कारकुनाने माझ्यावर दौतीच्या शाईने पाच नावं लिहिली. महिपत, रत्नागिरीहून आलेला, खिळ्यांच्या कारखान्यात कामाला. त्याची बायको दुर्गा. त्याचा म्हातारा बाप दाजी. लेक सुलोचना, वय अकरा, म्हणून अर्धा वाटा. आणि रांगता विठू, त्याचाही अर्धा. जाड, पिवळट कागद, आत आखलेली घरं. मी काही देखणी नव्हते, पण त्या घरात देवाच्या तसबिरीमागे जागा होती ती माझीच.

दुर्गा शाळेची पायरी चढलेली नव्हती. दुकानदार काट्यात मारतो तसा लिहिण्यातही मारतो, न दिलेल्या साखरेच्या घरात खूण करतो, हे एकदा तिच्या ध्यानात आलं आणि तिने मला मांडीवर घेतलं. आधी आकडे शिकली, मग अक्षरं. शाळेत जाणारी सुलू शेजारी बसून अक्षरांवर बोट फिरवायची, तिला वाचून दाखवायची. दुर्गाने जन्मात पहिला वाचलेला शब्द ‘सुलोचना’, आणि तो माझ्यावर वाचला. मला त्याचा गर्व होता. आजही आहे, म्हणून तर बोलतेय.

मग ती दुकानावर मान वर करून जायला लागली. “शेठ, काटा ठहरने दो, मेरेको घाई नहीं है,” म्हणायची आणि काटा थांबेपर्यंत पिशवी पुढे करायची नाही. नवं पोतं फुटायच्या दिवशी जायचं, तळाचा भुसा घ्यायचा नाही. शेजारी रामू गवळ्याचं घर गहू खाणारं, आम्ही भातखाऊ. तेव्हा त्यांचा तांदूळ आमच्याकडे आणि आमचा गहू त्यांच्याकडे, वाटीला वाटी. तांदळाच्या धुवणात आमटी, कण्यांची पेज. साखरेचा डबा वरच्या फळीवर, पाहुण्याशिवाय खाली यायचा नाही. चाळीतल्या निम्म्या बाया आपली साखर मिठाईवाल्याला विकत. दुर्गाने चमचाभरही विकली नाही. सत्तर साली दाजी गेला, तर तेराव्याच्या आत जाऊन त्याचं नाव कापून आली. बाया हसल्या. म्हणाल्या, म्हातारा आणखी दोन वर्षं जेवला असता की गं. दुर्गा म्हणाली, मेलेल्याच्या तोंडचं मी खात नाही.

अशी बाई. आता तिनेच काय केलं ते ऐका.

बहात्तरच्या वैशाखात सुलूचं लग्न झालं. मुलगा राघो, काशी गावचा, तिथल्या दगडाच्या खाणीवर कामाला. चांगला होता, पण आईपुढे तोंड न उघडणारा. आपल्याकडे मुलगी सासरी गेली की माहेरच्या कार्डावरून तिचं नाव कापतात, तसा दाखला मिळतो, आणि तो दाखवला की सासरच्या कार्डावर नाव चढतं. राघोच्या आईने, शेवंतीने, सोळाव्या दिवशीच विचारलं होतं: भांडी दिलीत, दाखला कधी देता?

दुर्गाने हिशेब केला तो असा. पहिलं बाळंतपण माहेरचं. तेव्हा पोर तीन महिने इथेच जेवणार. आज नाव कापलं तर त्या वेळी तिच्या ताटात काय वाढायचं? आणि कापलेलं नाव पुन्हा चढवायला चपला झिजतात. त्यापेक्षा आहे तिथे असू दे, बाळंतपण झालं की एकदाच कापू. चाळीतल्या सगळ्या बायांनी माना डोलावल्या. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

मला दिसलं, पण मला विचारतो कोण? दर पंधरवड्याला सुलूच्या नावापुढे दुकानदाराची निळी खूण पडायची. पोर काशी गावात, आणि तिचा वाटा भाईंदरला विठूच्या ताटात.

नंतरचं साल तुम्हाला आठवत असेल. देश करपला. दुकानात तांदूळ घटला, साखर घटली, आली ती लाल मिलो. जनावरं तोंड फिरवतील असं धान्य. दुर्गा ते भाजून दळायची, उकड काढून भाकऱ्या थापायची, तरी त्या तव्यावर फाटायच्या. महिपतचा कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालायचा. अशा वेळी एक जादा नाव म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

उत्तनची आयरिन सुकी मासळी घेऊन यायची. आमच्या चाळीवरून काशी गावापर्यंत तिचा फेरा. आषाढात एकदा ती टोपली उतरवून उंबऱ्यात बसली. म्हणाली, “दुर्गाबाय, तुजी पोर सगल्यांच्या मागून जेवते. मी बसलेलू, टोपात काय उरला न्हाय. पेज पिली न हात धुतला. पोटुशी हाय ना ती?”

दुर्गा म्हणाली, नव्या सुना सगळ्याच मागून जेवतात, मी नाही जेवले?

आयरिन टोपली उचलताना म्हणाली, “तू जेवलीस गो. मागून, पन जेवलीस.”

श्रावण संपता संपता सुलू चालत आली. सहावा महिना, आणि मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. पाणीसुद्धा न पिता तिने तसबिरीमागून मला काढलं. सांगू लागली: सासू टोप रिकामा करून म्हणते, तुझं नाव बापाकडे, तर तुझा भातही बापाकडे. दाखला आण आणि जेव.

दुर्गा म्हणाली, पुढच्या महिन्यात तुला आणायचीच आहे, एवढे दिवस काढ. सुलू म्हणाली, पंधरा महिने काढले. महिपत भिंतीला टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, “दे गं कापून.”

“आणि विठूच्या ताटात काय वाढू? तुमची दया?” दुर्गा त्याच्यावर उलटली. मग ती ओढाताण. मग माझा कोपरा. आणि मग सुलूने एकच वाक्य उच्चारलं, की भांडण जागच्या जागी संपलं. ते सांगते शेवटी.

सुलू गेल्यावर दुर्गा कितीतरी वेळ मला हातात धरून बसली. सोमवारी कचेरीत जाते, एवढंच महिपतला म्हणाली. सोमवारीच का? कारण शनिवारी गणपतीची जादा साखर मिळणार होती, माणशी. तेवढी एक सुलूच्या नावावर घ्यायची, स्वतःसाठी नाही हो, सुलूसाठीच. शनिवारी ती रांगेत उभी राहिली. निळी खूण पडली. ती सगळी साखर घालून तिने अळिवाचे लाडू वळले आणि डब्यात भरले. दाखला आणि लाडू एकदमच नेऊन देणार होती.

रविवारी आयरिन आली. टोपली नव्हती डोक्यावर. ती उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, “दुर्गाबाय, चल. पोर न्हाय ऱ्हायली.” दिवस भरण्याआधीच कळा आल्या, मूल मेलेलंच आलं, मागोमाग आई गेली. दवाखान्यातली बाई म्हणाली, हिच्या अंगात रक्तच नव्हतं.

तेराव्यानंतर दुर्गा मला घेऊन कचेरीत गेली. कारकुनाने विचारलं, नाव कशासाठी कमी करायचं, लग्न झालं म्हणून की मयत? दुर्गा म्हणाली, “दोन्ही.” त्याने एकच लिहिलं आणि सुलोचनावर तांबडी रेघ ओढली.

पुढे नवी कार्डं आली. जुनी जमा करायची होती. दुर्गाने मला हरवली म्हणून लिहून दिलं. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं तिचं ते पहिलं खोटं. आता मी तिच्या पत्र्याच्या पेटीत असते, लाडवांच्या रिकाम्या डब्याखाली. गणपतीच्या आधी ती मला काढते आणि रेघेखालचं नाव बोट ठेवून वाचते.

शेवंतीला मी सोडत नाही. चौघांच्या भातातून पाचवीचा घास काढणं कुठल्याही चुलीला जमतं, मन असलं तर. पण शेवंतीला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. माझं मागणं दुर्गासारख्या शहाण्या बायांकडे आहे. वाटा मोजून वापरा, साखर झाकून ठेवा, काटा थांबेपर्यंत हटू नका, सगळं बरोबर. फक्त जिथे तोंड, तिथे नाव. काटकसर आपल्या ताटातून करायची असते. दुसऱ्याच्या ताटातून केली तर तिचं नाव वेगळं, आणि ते मी तुमच्या तोंडावर सांगेन.

आता ते वाक्य. कोपरा फाटला तेव्हा दोघीही दचकल्या. सुलूने तो तुकडा आईच्या तळव्यावर ठेवला, पदर खोचला, आणि मुळीच आवाज न चढवता म्हणाली,

“माझं नाव इथे रोज जेवतंय, आई, उपाशी आहे ती मी.”