रॉबिनची खळी

आज विणलेल्या चित्राचा पडदा मागावरून उतरायचा होता, म्हणून मॉर्टलेकच्या विणकरांच्या बायका बिअरचे घडे घेऊन मागघरात जमल्या होत्या. थॉमसिन तेवढी रिकाम्या हातांनी आली. तिला फक्त रॉबिनचा चेहरा पाहायचा होता.

रॉबिन जाऊन दोन हिवाळे झाले. वर्षाचंही न झालेलं पोर. पडद्यावर लोहारदेव व्हल्कनची भट्टी होती, शेजारी सौंदर्यदेवी व्हीनस आणि तिच्या कडेवर बाळ क्युपिड. चेहरे विणायचं काम थॉमसिनच्या नवऱ्याचं, लीव्हनचं. एकदा जेवताना खाली मान घालून तो म्हणाला होता, "क्युपिडला आपल्या रॉबिनचं तोंड देतोय. मालकांना कळू देऊ नकोस."

तेव्हापासून ती वाट पाहत होती. विणकर पाठीकडून विणतात. चित्राची सुलट बाजू मागाखाली असते, पडदा उतरेपर्यंत ती कुणाला धड दिसत नाही.

कात्री चालली. चौघांनी पडदा पालटून तुळईला टांगला.

"या वहिनी, पुढे या," म्हातारा यूस्ट म्हणाला. "व्हल्कनचं नाक बघा, हुबेहूब मालकांचं! गेली आपली भाकरी."

हशा पिकला. थॉमसिन पुढे झाली. तेच कपाळ, तीच हनुवटी. आणि उजव्या गालावर खळी. ती थबकली.

"खळी," ती हळूच म्हणाली. "डाव्या गालावर होती रे त्याच्या."

लीव्हनचा चेहरा उतरला. मागावरचं डावं पुढच्या बाजूला उजवं होतं, हे तो पोरवयापासून जाणत होता. ताण्याच्या धाग्यांखालच्या कागदी चित्रात सगळं आधीच पालटून काढलेलं असे. खळी तेवढी कागदावर नव्हती. ती त्याने मनातून विणली, आठवली तशी.

"अर्धं आयुष्य मागावर गेलं, आणि शिकाऊ पोरासारखा चुकलो," तो पुटपुटला. "उसवतो. उद्या गिऱ्हाईक येईल, त्याआधी होईल."

"खुळा आहेस का? हात लावू नकोस."

ती पडद्यामागे गेली. तिथे लोकरीची टोकं झिपऱ्यांसारखी लोंबत होती. तिने ती बोटांनी बाजूला सारली.

"लीव्हन, इकडे ये. इथे आहे तो."

तो आला. पडदा आणि भिंत यांच्यामध्ये दोघं कशीबशी मावली.

"अहो, चित्र पुढे आहे!" पलीकडून यूस्ट ओरडला.

लीव्हनने खळीवर बोट टेकवलं. इथे ती डाव्या गालावर होती.

"या बाजूला अस्तर लागेल ना आता?" तिने विचारलं.

"हो. जाड कापडाचं."

"ते मी शिवीन."