सुई आणि खुळखुळा

घर तिघांचंच, पण त्यात पक्ष दोन होते. एक माउस-कीबोर्डचा, दुसरा गेमपॅडचा. पहिल्या पक्षात लेक, दुसऱ्यात बाप, आणि आई दोन्ही पक्षांवर सारखीच वैतागलेली. बापलेकींची रोज संध्याकाळी जोडी जमायची. गेम एकच, पडक्या कारखान्यात लपलेल्या यंत्रमानवांना टिपून मारायचा. बाबा सोफ्यावर बसून टीव्हीवर खेळायचे, लेक कोपऱ्यातल्या टेबलापाशी कॉम्प्युटरवर. खेळताना दोघं एका बाजूने लढायचे आणि खेळ संपला की एकमेकांशी.

लेकीला घरात सगळे सुई म्हणायचे. जिथे सुई शिरेल तिथे हिचा नेम शिरतो, असं बाबांनीच एकदा कौतुकाने म्हटलं होतं आणि मग ते पस्तावले होते, कारण ते वाक्य ती त्यांना उठताबसता ऐकवायची. ती एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढायची. दिवसभर हातात माउस, रेघेला रेघ अशी मिळवायची की मध्ये केससुद्धा जाऊ नये. तोच हात संध्याकाळी नेम धरायचा. त्या हाताचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

बाबा क्रेन चालवायचे. उंच, अगदी उंच, काचेच्या केबिनमध्ये बसून दोन हातांत दोन दांडे. मागे ओढलं की हूक वर, पुढे ढकललं की खाली, हे सुईला शाळेत पाढे यायच्या आधी पाठ होतं. घरी आले की ते पाय लांब सोडून गेमपॅड तळहातात घ्यायचे.

"दिवसभर दोन दांडे, संध्याकाळी दोन दांडे," आई म्हणायची. "फरक एवढाच, की संध्याकाळचे अंगठ्याने चालतात."

सुई गेमपॅडला खुळखुळा म्हणायची. "बाबा, अंगठ्याने कधी कोणी नेम धरलाय का? अंगठा सही न येणाऱ्यांसाठी असतो."

"आणि तुझं ते टेबल? लढाई करतेस की हिशेबनीस आहेस? पोक काढून बसायचं, मान मोडायची. मी बघ कसा, राजासारखा."

"राजाला कुबड्या लागतात पण."

हे कुबड्यांचं बाबांना फार लागायचं. झालं होतं असं, की गेमपॅडवाल्यांचा नेम शत्रूच्या जवळ गेला की गेम स्वतःच तो थोडासा शत्रूकडे ओढून देतो. माउसवाल्यांना ही सवलत नाही. सुईने हे एकदा शोधून काढलं आणि बाबांच्या प्रत्येक चांगल्या नेमावर ती शांतपणे म्हणायची, "कुबडी." बाबा नाक मुरडायचे. मग ते सेटिंगचा पडदा तिला दिसेल असा कधी उघडतच नसत. एवढं चिडवणं पुरे, आणखी दारूगोळा कशाला पुरवा, असा त्यांचा विचार.

आणि मग सुई कार्यालयाच्या ओल्या जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं तेव्हा आत जो हात होता तो तिला आपला वाटलाच नाही. बारीक, पांढुरका, कोणीतरी वापरायला दिल्यासारखा. बोटं मिटत नव्हती, मनगट वाकत नव्हतं. डॉक्टर म्हणाले हाड छान जुळलंय. "फक्त अंगठ्यावर लक्ष ठेवा. कधी कधी अशा दुखण्यात त्याची शीर दगा देते. सांगितलेलं ऐकेनासा झाला तर लगेच या."

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," बाबा रिक्षात म्हणाले. "आता थोडंच उरलंय, बाळा."

एरवी तिने यावर काहीतरी झणझणीत सुनावलं असतं. ती रिक्षाबाहेर बघत राहिली. बाबांनी त्या दिवसांत एकदाही कुबडी हा शब्द तोंडातून काढला नाही. संधी तर आयती चालून आली होती.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई मोठ्या कडक होत्या. त्यांनी सुईचा पंजा टेबलावर पालथा टेकवायला सांगितला. तो टेकेना. मनगटाखाली हवा राहायची आणि जोर दिला की डोळ्यांत पाणी यायचं.

"हे सगळ्यात शेवटी येणार," बाई म्हणाल्या. "ज्या दिवशी तळहात सपाट टेकला, त्या दिवशी आपण जिंकलो. तोपर्यंत माउस बंद. पण बोटं आणि अंगठा हलता ठेवायचा. घरात काही आहे का, दोन्ही हातांनी धरायचं आणि अंगठ्यांनी चालवायचं?"

सोबत आलेल्या आईला हसू आवरेना. "आहे की. खुळखुळा आहे."

सुईने आईकडे असं बघितलं की आईने पुढचं वाक्य गिळलं.

बाबांसमोर गेमपॅड हातात घ्यायचा? शक्यच नाही. इतकी वर्षं ज्याला खुळखुळा म्हटलं तोच दोन्ही हातांत धरून सोफ्यावर बसायचं, आणि बाबा काही न बोलता समजूतदारपणे बघणार! चिडवलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. तेव्हा तिने दुपारची वेळ निवडली. बाबा कामावर आणि आई तिच्या शिवणाच्या दुकानात असताना तिने टीव्ही लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वस्तू हातात धरली.

ती हाताला बरी वाटली, हे तिला कबूल करायला आवडलं नसतं. मूठ पुरती मिटावी लागत नव्हती. मनगट सरळ राहत होतं. ती कारखान्याच्या अंगणात शिरली. समोर, उंच गच्चीवर एक यंत्रमानव उभा होता. तिने उजव्या अंगठ्याने दांडी वर ढकलली.

बंदूक खाली गेली.

तिने अंगठा पुन्हा वर ढकलला. बंदुकीने तिच्याच बुटांवर नेम धरला. यंत्रमानवाने सावकाश, अगदी आरामात तिला टिपलं.

पुन्हा सुरू केलं. डावीकडे म्हटलं की डावीकडे जायचं, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. वर-खालीचं मात्र काही खरं नव्हतं. वर म्हणावं तर खाली, खाली म्हणावं तर आभाळात. ती घाबरून जोर लावायची, मग दुखायचं, मग गोंधळ आणखी वाढायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिने बाबांना कितीदा ऐकवलं होतं. आज अंगणावर संशय घ्यावा असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घट्ट बसलं होतं. सांगितलेलं ऐकेनासा झाला तर.

अंगठा ऐकत नव्हता.

लगेच जायला हवं होतं. तिला ते कळत होतं आणि म्हणूनच ती गेली नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणून तिने स्वतःची समजूत घातली, पण खरं कारण भीती होती. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ते खरं होणार होतं. त्यापेक्षा रोज दुपारी ती गुपचूप बसायची, अंगठ्याला विनवायची, रागवायची, आणि रोज तेच. संध्याकाळी बाबा विचारायचे, "आज हात कसा?" ती म्हणायची, "बरा." आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून बसायची. बाबा एकटेच खेळायचे, आवाज बारीक करून. एकट्याने त्यांना करमत नसे, हे तिला दिसत होतं.

कामावर येणार की नाही, ते सोमवारी कार्यालयातल्या मॅडमना कळवायचं होतं. त्यांनी तिची जागा अजून रिकामी ठेवली होती. तिने मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाला बसवा, मला बाहेर फोन घ्यायला बसवलंत तरी चालेल. वाक्य साधं होतं. फक्त म्हणून बघताना ते दरवेळी अर्ध्यावर थांबायचं.

शुक्रवारी दुपारी वारा सुटला. खिडक्या धडाधड आपटायला लागल्या. सुईने उठून एक लावली, बाकीच्या तशाच सोडल्या आणि परत खेळायला बसली. जोराच्या वाऱ्यात क्रेन बंद ठेवतात, चालवणाऱ्यांना घरी पाठवतात, हे तिला पाढ्यांइतकंच पाठ होतं. पण त्या दिवशी तिला काहीच आठवलं नाही. खिडक्यांच्या आवाजात दाराचा आवाजही ऐकू आला नाही.

बाबा दारात डबा घेऊन उभे होते. पडद्यावर सुईची बंदूक जमिनीवर नेम धरून बसली होती आणि सुई दात-ओठ खाऊन अंगठा वर रेटत होती. गालावरून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिने गाल खांद्याला घासला आणि बाबा दिसले.

गेमपॅड लपवायला जागा नव्हती.

"बाबा, अंगठा गेला माझा," ती म्हणाली. "इतके दिवस करतेय. वर सांगते, खाली जातो. एकदाही ऐकत नाही. शीर गेलीये. मला आता रेघ ओढता येणार नाही."

बाबांनी डबा जमिनीवर ठेवला. ते तिच्या शेजारी येऊन बसले. आधी त्यांचा चेहरा पडला होता. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं, तिच्या अंगठ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मागे ओढ."

"काय?"

"दांडी. स्वतःकडे ओढ. हळू."

तिने अंगठा खाली घेतला. बंदूक उठली. भिंत, खिडकी, गच्चीचा कठडा, आणि यंत्रमानवाच्या छातीवर येऊन थांबली.

"मागे ओढलं की वर," बाबा म्हणाले. "पुढे ढकललं की खाली. अगं, ते माझ्यामुळे उलटं आहे! पहिल्यांदा हे घरी आणलं तेव्हा मी आठवडाभर स्वतःच्याच पायांवर गोळ्या झाडत होतो. जन्म गेला क्रेनवर, हाताला दुसरं कळेचना. मग सेटिंगमध्ये हे सापडलं. उलटं करून टाकलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

बाबा गेमपॅडकडे बघत म्हणाले, "कुबडीवर तू मला इतकी वर्षं छळलंस. म्हटलं, हे कळलं तर दुसरी कुबडी म्हणशील."

सुईने दांडी पुढे ढकलली, बंदूक खाली. मागे ओढली, वर. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. इतके दिवस हेच तर होत होतं. वर म्हटलं की प्रत्येक वेळी खाली, न चुकता, दर वेळी तेवढंच खाली. बिचारा अंगठा एकदाही चुकला नव्हता. ती सांगत होती ते सगळं तो मुकाट्याने करत होता, आणि ती त्यालाच शिव्या घालत होती.

मग तिला रडू आलं, आधीपेक्षा जास्त, आणि रडतारडता हसूही. बाबाही डोळे पुसायला लागले. "मी तुला सांगितलं असतं तर..." ते म्हणाले.

"मी तुम्हाला विचारलं असतं तर," सुई म्हणाली. "आपण दोघंही सारखेच. अळीमिळी गुपचिळी."

आई दुकान लवकर बंद करून आली तेव्हा घरातल्या पक्षांची उलथापालथ झाली होती. सुई सोफ्यावर पाय लांब सोडून गेमपॅड घेऊन बसली होती, आणि बाबा कोपऱ्यातल्या टेबलापाशी, माउस साबणाच्या वडीसारखा धरून. गेमपॅड एकच होता, आणि जोडीने खेळायचं तर कुणाला तरी माउस घेणं भाग होतं.

"अहो, हे काय?" आई म्हणाली.

"पक्षांतर," बाबा म्हणाले आणि त्यांनी छताला गोळी घातली.

"बाबा, कीबोर्ड बघू नका, पडदा बघा!"

"बघतोय गं. हा थांबतच नाही. जरा हलवला की धावतो. ह्याला कुबड्या नाहीत का?"

"नाहीत."

"हे बरं आहे! म्हाताऱ्या माणसाला काही सवलत?"

सुईने दोन यंत्रमानव टिपले. अंगठा दुखत होता, पण दुखण्याची तिला आता भीती वाटत नव्हती. सेटिंग सरळ करून देऊ का, असं बाबांनी विचारलं होतं आणि तिने नको म्हटलं होतं. इतके दिवस उलटं घोकल्यावर आता ते जमायला लागलं होतं. तेवढ्यात बाबा दारामागे अडकले. समोरून तीन यंत्रमानव येत होते आणि बाबांचा नेम भिंतीवरून सरकत जमिनीवर, जमिनीवरून पुन्हा भिंतीवर.

"मनगट सैल सोडा! आवळू नका!"

"आवळत नाहीये!"

"आवळताय! थांबा." ती गेमपॅड सोफ्यावर टाकून उठली, त्यांच्या मागे उभी राहिली आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवून माउस हलवायला लागली. "असा. नुसता टेकवायचा. मग हळू डावीकडे. दिसलं?"

पहिला यंत्रमानव पडला. दुसऱ्याकडे माउस नेताना हात जड लागला. बाबांनी हलवायचं थांबवलं होतं.

"बाबा, हलवा ना! मारतील ते!"

"मारू देत."

"अहो, असं काय करताय?"

बाबा पडद्याकडे बघत नव्हते. ते आपल्या रुंद, काळ्या, घट्टे पडलेल्या हाताकडे बघत होते. त्यावर सुईचा उजवा पंजा पालथा पडला होता. बोटांपासून मनगटापर्यंत सपाट, मध्ये कुठेही हवा नाही. सुईलाही तो आत्ता दिसला.

पडद्यावर यंत्रमानवांनी दोघांनाही टिपलं. आई स्वयंपाकघरातून विचारत होती की काय झालं, आवाज का बंद झाला. सुईने हात काढला नाही. तसाच ठेवून, डाव्या हाताने तिने फोन उचलला आणि मॅडमना निरोप लिहिला.

"सोमवारी येते. माझं टेबल कुणाला देऊ नका."