लिअँडरच्या मागचा समुद्र

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या कीबोर्डच्या फटींत काळ्या दगडाची भुकटी बसली आहे, ती आता फुंकरीनेही निघत नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर डल्सीबाईंचं थडग्याचे दगड कोरायचं दुकान आहे. तिथल्या खिडकीपाशी माझं आयुष्य गेलं.

मी नवा होतो तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! लोक आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन यायचे. डल्सीबाई ते माझ्या पडद्यावर मोठे करायच्या आणि मागचं नको ते काढून टाकायच्या: स्वयंपाकघर, ट्रक, लग्नातलं कुणाचं तरी कोपर. तिथे निव्वळ काळं भरायच्या. काळं म्हणजे तिथे कोरणाऱ्या यंत्राने दगडाला हात लावायचा नाही. मग चेहरा तेवढा दगडातून वर यायचा. "अगं बाई, आता बोलेल असं वाटतंय!" म्हणत बायका डोळे पुसायच्या. पण खरं सांगू? माझ्या हातात काहीच नव्हतं. सांगितलं ते कापायचं. तोंड उघडायची मुभा फक्त चित्र साठवताना, तीही एका प्रश्नापुरती.

एका सकाळी फिलोमिना मावशी आल्या. त्यांचा मुलगा लिअँडर खेकडे धरायला गेला होता. बोट मिळाली, तो मिळाला नाही. मावशींच्या मुठीत जपमाळ होती आणि तिच्यात अडकलेलं एक इवलंसं मेमरी कार्ड.

"त्याच्या मोज्यांच्या कप्प्यात सापडलं. माझ्या लेकराचा हसरा फोटो एवढाच."

लिअँडर बोटीवर उभा होता. केस वाऱ्याने उडालेले, डोळे उन्हाने बारीक. मागे समुद्र, आणि बाजूला बोटीच्या पांढऱ्या केबिनवर एक सावली.

"समुद्र काढ, डल्सी."

"मावशी, कोळ्याच्या मागून समुद्र काढू? तो म्हणेल, कुठे आणून उभं केलंत मला!"

"म्हणू दे. येऊन म्हणू दे एकदा."

डल्सीबाईंनी माउस पुढे ओढला. समुद्र काढला. काळे केस काळ्या दगडात बुडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती उजळ कड धरली. ती सावली त्यांना डाग वाटली, तीही गेली. मित्रांनो, मला ती स्पष्ट दिसत होती. दोन्ही कोपरं वर, चेहऱ्यापुढे फोन धरलेला. फोटो काढणारीची सावली होती ती! पण सांगू कसं?

शेवटी मी माझा एकुलता एक प्रश्न विचारला: 'या नावाचं चित्र आधीच आहे. त्याच्या जागी हे ठेवायचं?'

तेवढ्यात चहाच्या किटलीने शिटी दिली. "हो रे बाबा, हो," म्हणत डल्सीबाईंनी न वाचताच कळ दाबली. कार्डावरचा मूळ फोटो गेला.

दगड कोरून झाला आणि लिअँडरची बायको नोरीन आली. दुखवट्यानंतर ती पश्चिमेकडे नोकरीवर परतली होती.

"सासूबाईंनी कार्ड दिलं, पण त्यात दगडाचंच चित्र आहे. मूळचा फोटो द्या ना."

डल्सीबाईंनी माझा कप्पा न् कप्पा धुंडाळला. मी रिकामा होतो.

"समुद्राचं जाऊ द्या हो," नोरीन म्हणाली. "बाजूला माझी सावली होती. त्या बोटीवर आम्ही दोघं असलेला तो एकच फोटो."

"बाळा, मला तो डाग वाटला गं."

"सासूबाईंनाही पहिली काही वर्षं मी तशीच वाटायचे," नोरीन हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. देवाने मला डोळे दिले, वाचा का दिली नाही?

दगड उभा राहिला की त्याचा फोटो दुकानात ठेवायची रीत आहे. या वेळी तो नोरीननेच काढून पाठवला. फिलोमिना मावशी चहा घेत शेजारी बसल्या होत्या. डल्सीबाईंनी फोटो उघडला. दगडाचा घोटलेला काळा भाग आरसाच असतो. लिअँडरच्या बाजूला, जिथे आम्ही काही ठेवलं नव्हतं, तिथे एक बाई उभी होती. कोपरं वर. आणि तिच्या मागे, दफनभूमीच्या उताराखाली, समुद्र.

"आलाच का मेला समुद्र परत!" मावशी पुटपुटल्या.

सवयीने डल्सीबाईंनी ते प्रतिबिंब पुसलं. मी विचारलं: 'त्याच्या जागी हे ठेवायचं?' त्यांचं बोट कळेवर थांबलं. त्यांनी माझा प्रश्न मोठ्याने वाचला.

मावशींनी कप खाली ठेवला. "नको. ती आहे ना तिथे. असू दे दोघांना."

आता नवा संगणक आला आहे. मी टेबलाखाली, भुकटीत. ते दोघांचं चित्र अजून माझ्याच पोटात आहे. मला भंगारात देण्याआधी कुणी ते काढून घेईल का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मूळ चित्राची एक प्रत नेहमी बाजूला ठेवा. आणि आमच्यापैकी कुणी काही विचारलं, तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा. त्यापलीकडे आम्हाला बोलता येत नाही.