नाद आणि नळी

मी एक जुने श्रवणयंत्र आहे, मित्रांनो. कानामागे बसते. माझा रंग कातडीचा म्हणतात. तशी कातडी मी अजून कुणाची पाहिलेली नाही. पोटात एक सेल, आणि वरून निघालेली पारदर्शक नळी कानातल्या साच्यापर्यंत जाते. त्या नळीतून आवाज आत सोडायचा, एवढेच माझे काम. पण ऐकून ऐकून दमले आहे.

कारखान्यात जन्मल्यावर मला वेगवेगळ्या पट्टीचे सूर ऐकवले आणि पास केले. पुढे सूर फारसे वाट्याला आले नाहीत. तक्रारी आल्या.

मला घेतले एका निवृत्त पाइपफिटरने. तीस वर्षे वाफेच्या नळांशेजारी उभे राहून त्यांचे कान गेले होते. घरात पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, तोंडी त्यांना एकच नाव होते: अहो. माझ्यातून गेलेला पहिला शब्द तोच, म्हणून मीही त्यांना अहोच म्हणते. दिवसाला साधारण चाळीस 'अहो' मी पोचवत असे. त्यांतल्या नऊ-दहांना उत्तर मिळे. बाकीचे ऐकूच आले नाहीत, असे ते सांगत आणि आळ माझ्यावर येई. मित्रांनो, मी एकही गाळलेला नाही.

साठी उलटल्यावर अहोंना वैराग्य आले. कासव जसे पाय आत ओढून घेते तशी साधकाने आपली इंद्रिये विषयांपासून आवरावीत, असे त्यांनी प्रवचनात ऐकले होते. अहोंनी सुरुवात माझ्यापासून केली. पहाटे ध्यानाला बसताना मी डबीत, शेजारी चष्मा, पलीकडे कवळी. इंद्रिये अशी रांगेत मांडली की ते डोळे मिटत. त्यांनी साखर सोडली, टीव्ही सोडला. एकच इच्छा उरली: आपण एवढे सोडले, हे कुणीतरी पाहावे. सगळ्यांत जड तीच होती.

एका पहाटे ते मला काढायला विसरले. माझी नळी तोवर जुनी होऊन तडकली होती. आवाज तिथून निसटायचा, माझ्याच माइकात परत शिरायचा आणि बारीक शिट्टी वाजायची. अहो ताठ झाले. डोळ्यांत पाणी आले.

"अनाहत नाद!" ते पुटपुटले.

कशावर काही न आपटता आतल्या आत वाजणारा, पोचलेल्या साधकालाच ऐकू येणारा सूर, तो अनाहत नाद. मी ओशाळले, पण मला बोलता कुठे येते!

सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत बातमी पसरली. एक निवृत्त मॅनेजर आजवर अहोंना पाहून नुसती मान हलवत. ते वाकून नमस्कार करू लागले. अहोंनी माझा आवाज शेवटपर्यंत वाढवला. बारा दिवस पुरणारा सेल सहा दिवसांत संपू लागला.

"अहो, तुमचं मशीन शिट्टी मारतंय!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. "मला इथवर ऐकू येतंय."

"तुलाही ऐकू येतो?" अहो गहिवरले. "म्हणजे तुझीही प्रगती आहे."

"कसली प्रगती? डोकं उठलंय माझं!"

मग अहोंनी एका आश्रमाला कळवून टाकले: नाद ऐकू येतो, एक तारखेला कायमचा येतो. त्यांनी पिशवी भरली. त्या दिवसापासून चाळीस 'अहों'चे दोन झाले. एक जेवायला बोलावण्याचा, एक दार लावून घ्या म्हणण्याचा. एवढी विश्रांती मला कधी मिळाली नव्हती, आणि ती मला सोसवत नव्हती.

एक तारखेला तीन दिवस उरले. दुपारी अहो झोपलेले असताना काकूंनी मला रुमालात गुंडाळून दुकानात नेले. तिथल्या मशीनवाल्या मुलीने मला उलटेसुलटे केले.

"मशीन ठणठणीत आहे काकू. नळी तडकलीय. पाच मिनिटांत बदलते."

"बदलली की शिट्टी बंद?"

"एकदम बंद."

काकूंनी फक्त 'हो' म्हणायचा अवकाश होता. नाद थांबला असता, नवरा घरी राहिला असता, कुणाला काही कळलेही नसते.

"नळी सुटी द्या," शेवटी म्हणाल्या. "बसवायला घरी माणूस आहे."

घरी येऊन त्यांनी मला अहोंच्या हातात दिले. अहोंनी कानात घातले. शिट्टी वाजली.

"नळी तडकलीय," काकू म्हणाल्या. "ही नवी. बदलायची की नाही, तुमचं तुम्ही बघा."

अहोंनी मला काढून उजेडात धरले. तड्यावरून नख फिरवले. मग बहिरी माणसे बोलतात तसे मोठ्याने म्हणाले, "पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं मी. जन्मभर गळत्या शोधल्या, मला नाही कळणार?"

त्यांनी स्वतःच जुनी नळी ओढून काढली, नवी बसवली, मला कानात घातले. शिट्टी नाही.

"मग लोकांना नाद नाद का सांगत सुटलात?"

"सगळे माझं ऐकायला लागले होते गं."

"आणि एक तारखेचं?"

"आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"म्हणजे माझ्यासाठी नाही राहत तुम्ही."

"नाही."

"बरं झालं, खरं बोललात," काकू म्हणाल्या आणि पिशवीतले कपडे कपाटात लावू लागल्या.

दुसऱ्या पहाटे अहो मला न काढताच बसले. नळाचे थेंब, काकूंच्या चपला, बाकी काही नाही. अर्ध्या तासाने काकूंनी डोकावून विचारले, "काही ऐकू येतंय का?"

"काही नाही."

"मग उठा की."

"थांब. आज पहिल्यांदाच बसलोय."

फिरायच्या मंडळींनाही त्यांनी सांगून टाकले, नळी होती म्हणून. मॅनेजर पुन्हा नुसती मान हलवू लागले. अहोंना ते लागले. मला त्यांच्या कानामागची शीर जाणवली. पण ते रोज बसत राहिले.

आता घरात नवे यंत्र आले आहे आणि मी खणात आहे, सेल काढलेले. तक्रार नाही, झोप हवीच होती. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला ओल लागू देऊ नका, रोज पुसा, नळी वेळेवर बदला. आणि कानात कधी दिव्य सूर वाजलाच, तर आधी नळी तपासा. नळी धड असूनही तो वाजत राहिला, तर कुणाला सांगू नका.