खायचा सोडा

संचिताने ओट्यावरचा सोड्याचा डबा उचलला तेव्हा मी भज्यांचं पीठ कालवत होते. मी म्हटलं, अगं थांब, चिमूटभर घालायचाय. त्यावर माझ्या या सुनेने नवी काचेची बरणी पुढे केली. नॅचरल सोडा. खाणीतून काढलेला, केमिकल नसलेला, असं तिला मोबाइलवर कुणीतरी सांगितलं होतं. माझा वाण्याकडचा सोडा कारखान्यातला, म्हणून तो आता बाथरूमसाठी.

मला हसूच आलं. त्याच सोड्याची भजी खाऊन तिचा नवरा एवढा ताडमाड वाढला. पण पोरगी पोटुशी, दिवस जड चाललेले, म्हणून गप्प बसले. खायचा सोडा संडासाशेजारी जाऊन बसला. फरशी, मोरी आणि ह्यांची गादी, एवढ्यांपुरता.

ह्यांची उजवी बाजू लकव्याने गेली आहे. गादी ओली होते, जेवताना लाळ गळते. वास येतो. खोटं कशाला बोलू, गादीवर सोडा भुरभुरताना मीसुद्धा श्वास रोखून धरते. पण किळस आली तरी ती तोंडावर दिसू देऊ नये, एवढं माणसाला कळायला हवं.

रविवारी सकाळी ह्यांचा कप सापडेना. सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं. शेवटी बाथरूममध्ये मिळाला, संडासाच्या ब्रशशेजारी, सोड्याच्या पाण्यात बुडवलेला. ताटली आणि चमचाही तिथेच होते.

संचिताला विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "आई, बाबांची भांडी आपल्यात नको ना. मला उलटी होते. आणि नॅचरलवाला सोडा भांड्यांना कुठे पुरवायचा?"

जितेंद्र म्हणाला, हायजीन आहे, उगाच इश्यू करू नकोस. बापाबद्दल बोलताना लेकाने मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. शी! मला त्या दोघांची, त्या बरणीची, त्या चकचकीत ओट्याचीही किळस आली. दोघांना चांगलं सुनावलं. नवघरचं हे घर ह्यांनी पोस्टात राबून उभं केलंय, इथे ह्यांचं भांडं वेगळं निघणार नाही. आवाज चढला होता. ह्यांच्या खोलीचं दार उघडं होतं, हे मला नंतर दिसलं.

कप घासून त्यातच चहा नेला. हे दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मुकाट्याने प्यायले. मग डाव्या हाताने तांब्या ओढला, कप विसळला, पाणी लादीवर सांडलं. खाली वाकून त्यांनी तो उंबऱ्याबाहेर पालथा ठेवला.

"हे काय करतायत बाबा?" संचिता दारात येऊन उभी होती.

"गावात हॉटेलबाहेर आमच्या वस्तीचा कप वेगळा असायचा," मी म्हटलं. "चहा प्यायचा, आपला आपण विसळायचा, पालथा ठेवून निघायचं. लहानपणी ह्यांनी तेच केलंय."

ह्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. वाकडं तोंड कसंबसं हललं.

"धुतलाय, मालक," हे म्हणाले.